चाचणी जरूर करावी, दाखला मात्र मागू नये

प्रति,
संपादक महोदय,

लग्नसराई तोंडावर आली की आपल्या भागातील समाजमंडळांच्या सामुदायिक विवाह सोहळ्यांची निवेदने आपल्या दैनिकात येऊ लागतात. अशाच एका निवेदनात यंदा एक नवी अट वाचनात आली. नोंदणी अर्जासोबत वधू आणि वर या दोघांचाही एचआयव्ही निगेटिव्ह असल्याचा वैद्यकीय दाखला जोडणे बंधनकारक असून दाखल्याशिवाय अर्ज स्वीकारला जाणार नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. मंडळाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण प्रश्न एका मंडळाचा नाही. निरनिराळ्या धर्मांच्या आणि पंथांच्या विवाहनोंदणीत हीच मागणी कधी तोंडी तर कधी लेखी होताना मी पाहिली आहे, आणि ती करणारी माणसे बहुधा सद्हेतूनेच ती करत असतात. एका उपजिल्हा रुग्णालयातील एचआयव्ही समुपदेशन व चाचणी केंद्रात, म्हणजे लोक ज्याला आयसीटीसी म्हणतात तिथे, समुपदेशक म्हणून माझी नोकरी झाली. लग्नाआधी दोघांनीही ही चाचणी करून घ्यावी असे मला मनापासून वाटते. नोकरीत असताना मी तेच सांगत आले आणि घरातल्या मुलामुलींनाही तेच सांगितले. त्यामुळे या अटीला विरोध करताना मला प्रत्येक वाक्य जपून लिहावे लागत आहे.

आधी मंडळाची बाजू. गरीब घरची मुलगी सामुदायिक सोहळ्याच्या मंडपात उभी राहते, तेव्हा मुलाकडची चौकशी करायला तिच्या बापाकडे ना वेळ असतो ना ओळखीपाळखी. मुलगा मुंबईला कामाला आहे किंवा ट्रकवर आहे, घरी थोडी जमीन आहे आणि व्यसन नाही, एवढ्यावर सुपारी फुटलेली असते. पुढे नवरा वारंवार आजारी पडू लागतो, त्याचे निदान होते आणि मग तिचे. तो गेला की 'पांढऱ्या पायाची' हा शिक्का तिच्या कपाळी बसतो आणि पदरात मूल घेऊन ती माहेरी परत येते. अशा बाया माझ्यासमोर येऊन बसत. 'लग्नाआधी कुणी विचारलं असतं तर' हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकले आहे, की मंडळाच्या अध्यक्षांनी तेच वाक्य उच्चारले तेव्हा मला त्यांच्याशी चटकन वाद घालता आला नाही.

हा अनुभव माझ्या एका केंद्रापुरता नव्हता. पुण्यातील राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेच्या डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ ते १९९६ या काळात पुण्यातील गुप्तरोग दवाखान्यांत येणाऱ्या स्त्रियांची पाहणी केली आणि तिचे निष्कर्ष १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. पाहणीतील ९१६ स्त्रियांपैकी ३९१ स्त्रियांचा वेश्याव्यवसायाशी काहीही संबंध नव्हता. त्या ३९१ स्त्रियांमध्ये लागणीचे प्रमाण १३.६ टक्के निघाले. त्यांतील बहुतेकींचा आयुष्यात एकाच पुरुषाशी संबंध आलेला होता आणि तो पुरुष म्हणजे त्यांचा नवरा. पातिव्रत्याने एचआयव्हीपासून संरक्षण मिळते असे प्रवचनांतून सांगितले जाण्याच्या त्या काळात, ते संरक्षण नवऱ्याच्या वागण्यावर अवलंबून असते हे महाराष्ट्राच्याच भूमीवर आकड्यानिशी सिद्ध झाले.

आता हाच अभ्यास मंडळाच्या अटीशेजारी ठेवून पाहावा. या बायकांपैकी कितीजणींना लग्नाच्या वेळीच लागण असलेला नवरा मिळाला आणि कितीजणींच्या नवऱ्यांना लागण लग्नानंतर, कामासाठी बाहेरगावी राहत असताना झाली, हे त्या आकड्यातून वेगळे काढता येत नाही. दाखला मात्र फक्त पहिल्या प्रकाराबद्दल बोलतो, आणि तोही पुरता नाही. लागण झाल्यापासून चाचणीत ती दिसेपर्यंत काही आठवड्यांचा, क्वचित तीन महिन्यांपर्यंतचा काळ जातो. विंडो पिरियड म्हणतात तो हाच. या काळात रक्त दिलेल्या माणसाचा अहवाल स्वच्छ येतो, आणि नेमक्या याच काळात त्याच्यापासून दुसऱ्याला लागण होण्याचा संभव मोठा असतो. अर्जाला टाचलेल्या त्या कागदाच्या भरवशावर मुलीचे आईवडील निर्धास्त होतात, सासरी पुढे कधीही 'तुम्ही तपासून घ्या' असे म्हणण्याची तिला सोय उरत नाही, कारण 'लग्नात दाखला दिला होता की' हे उत्तर तयार असते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असला हा प्रकार होऊन बसतो.

अहवाल पॉझिटिव्ह आला तर काय, याचाही मंडळाने विचार केलेला दिसत नाही. आपल्या देशात प्रौढांमधील एचआयव्हीचे प्रमाण आज सुमारे ०.२ टक्के, म्हणजे हजारी दोन एवढे आहे. समजा एखादी चाचणी इतकी चांगली आहे की लागण नसलेल्या हजार माणसांपैकी ९९५ जणांना ती बरोबर निगेटिव्ह ठरवते. तरीही लग्नाला उभ्या राहिलेल्या हजार मुलामुलींची केवळ त्या एका चाचणीवर तपासणी केली, तर खरी लागण असलेले दोन आणि लागण नसताना चुकून तसे दिसलेले पाच, असे सात अहवाल 'रिअ‍ॅक्टिव्ह' येतील. म्हणजे ज्यांच्याकडे बोट दाखवले जाईल, त्यांतले निम्म्याहून अधिक निरोगी असतील. हे टाळण्यासाठीच आयसीटीसीत पहिली चाचणी रिअ‍ॅक्टिव्ह आली तर वेगवेगळ्या तत्त्वांवर चालणाऱ्या आणखी दोन किटवर तोच नमुना तपासतात आणि तिन्ही निकाल जुळल्याखेरीज त्या माणसाला काहीही सांगत नाहीत. बाजारातल्या 'लग्नाच्या पॅकेज'मध्ये पुष्कळदा एकच कार्ड टेस्ट असते, तिच्या निकालावर सही-शिक्का मारून कागद हातात मिळतो, आणि रक्त देणारा माणूस अर्जावरचाच आहे की त्याचा भाऊ, हे पाहण्याची तसदी प्रत्येक ठिकाणी घेतली जातेच असे नाही.

परंतु माझा मुख्य आक्षेप विज्ञानाच्या बाजूचा नाही. तो त्या नोंदणीच्या टेबलाबद्दलचा आहे, आणि ते टेबल मी जवळून पाहिलेले आहे.

नात्यातल्या एका मुलीचा अर्ज भरायला मी अशाच एका मंडळाच्या कार्यालयात गेले होते. धर्मशाळेच्या ओसरीवर घडीचे टेबल, त्यावर स्प्रिंग फाइल, फाइलमध्ये एकावर एक अर्ज. प्रत्येक अर्जावर दोन फोटो, खाली शाळेचा दाखला, रेशनकार्डाची झेरॉक्स आणि सगळ्यांत वर, सहज दिसावा म्हणून, रक्ताचा अहवाल. टेबलामागे बसलेला मुलगा कॉलेजात शिकणारा, उत्साही स्वयंसेवक. वाईट हेतू त्याच्या मनात नव्हता. प्रत्येक अर्ज घेताना तो 'दोघांचंही नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह, पुढे' असे मोठ्याने म्हणे आणि रांगेतली माणसे एक पाऊल पुढे सरकत. एका मुलाच्या अर्जाला अहवाल नव्हता. नमुना खराब झाला म्हणून लॅबने पुन्हा बोलावले आहे, असे त्याच्या वडिलांनी हलक्या आवाजात सांगितले. स्वयंसेवकाने तो अर्ज बाजूला ठेवला, एवढेच. रांगेतल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिले. संध्याकाळी मुलीच्या मामाचा फोन मुलाच्या घरी गेला. दुसरा अहवाल निर्दोष आला आणि लग्न ठरल्या दिवशीच पार पडले. मात्र दरम्यान त्या वडिलांना भावकीत घरोघर जाऊन मुलाच्या रक्ताचा कागद दाखवावा लागला. ज्या मुलाला खरोखरीच लागण असती, त्याचे आणि त्याच्या धाकट्या बहिणीचे त्या ओसरीवर काय झाले असते, याची कल्पना वाचकांनीच करावी.

त्या फाइलचे पुढे काय होते, हेही मी त्या दिवशी विचारले होते. ती कपाटात राहते आणि कपाटाची किल्ली कार्यालयाच्या शिपायाकडे असते.

धर्मसंस्थेने मागितलेली संमती ही मोकळी संमती असूच शकत नाही, हा दुसरा मुद्दा. सरकारी केंद्रात मी समोरच्याला 'चाचणी करायची नसेल तर तुम्ही उठून जाऊ शकता' असे सांगत असे, काही जण उठून जातही, आणि विचार करून त्यांतले काही परत येत. जो मौलवी निकाह लावणार आहे, जो फादर विवाहाची घोषणा रविवारी चर्चमध्ये करणार आहे, ज्या मंडळाच्या मंडपात संसाराची भांडी आणि मणी-मंगळसूत्र मिळणार आहे, त्यांना 'नाही' म्हणून उठून कुठे जायचे? नाही म्हणणे हाच तिथे कबुलीजबाब ठरतो. शिवाय धर्मगुरूसमोर एचआयव्हीचा विषय केवळ आजाराचा राहत नाही, चारित्र्याचा होतो. रक्त चढवताना लागण झालेला माणूस, आईकडून जन्मतःच लागण घेऊन आलेली आणि आज पंचविशीत असलेली मुलगी, यांनाही त्या समोरच्या खुर्चीत बसून आपण पापी नाही हे पटवून द्यावे लागते. जन्मतः लागण झालेली ही पिढी आता लग्नाच्या वयाची झाली आहे, हे पदाधिकाऱ्यांच्या गावीही नाही.

कायद्याचे थोडक्यात सांगते. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ साली संमत झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून देशात लागू आहे. त्यानुसार चाचणीसाठी त्या व्यक्तीची माहितीपूर्वक संमती लागते आणि ती बळजबरी, अवाजवी दबाव, धमकी वा फसवणूक यांखाली घेतलेली नसावी, असे व्याख्येतच म्हटले आहे. कोणतीही सेवा किंवा सुविधा मिळण्यासाठी एचआयव्ही चाचणीची पूर्वअट घालण्यासही त्यात मनाई आहे. जोडीदाराला गंभीर धोका असेल आणि बाधित व्यक्ती समजावूनही ते सांगणार नसेल, तर सांगण्याची वाट कायद्याने ठेवलेली आहे. पण ती डॉक्टर किंवा समुपदेशक यांच्यासाठी, त्या व्यक्तीला तशी आगाऊ कल्पना देऊन आणि समक्ष. ट्रस्टीचा त्यात कुठेही उल्लेख नाही. यासंदर्भात अनेकजण सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ च्या एका निकालाचा दाखला देतात. रुग्णासाठी रक्त देताना एका डॉक्टरला लागण असल्याचे कळले, ही माहिती रुग्णालयाकडून बाहेर गेली आणि त्याचे ठरलेले लग्न मोडले, असे ते प्रकरण होते. नियोजित वधूचा निरोगी जीवनाचा हक्क न्यायालयाने वरचढ मानला आणि त्या ओघात, अशा व्यक्तीचा विवाहाचा हक्क स्थगित राहतो, असेही म्हटले. मात्र २००२ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने विवाहाच्या हक्काबद्दलचे ते भाष्य त्या प्रकरणात करण्याची गरजच नव्हती, असा खुलासा केला. अर्धा निकाल सांगून लोकांना घाबरवणे योग्य नाही.

मंडळाच्या बैठकीत मलेशियाचे उदाहरण दिले गेले असे कळले. ते उदाहरण खरे आहे आणि विचार करण्याजोगेही आहे. मलेशियातील जोहोर राज्याच्या इस्लामी धर्मखात्याने २००१ मध्ये मुस्लिम जोडप्यांना विवाहाआधी एचआयव्ही चाचणी सक्तीची केली, इतर राज्ये हळूहळू त्या वाटेने गेली आणि २००९ च्या सुमारास ते देशाचे धोरण झाले. तिथे विवाहाचा अर्ज धर्मखात्याकडेच करावा लागतो, त्याआधी विवाहपूर्व अभ्यासवर्ग पूर्ण करावा लागतो, चाचणी सरकारी दवाखान्यात होते आणि निकाल पॉझिटिव्ह आला म्हणून लग्नाला बंदी होत नाही. ही शेवटची गोष्ट आपल्याकडच्या उदाहरणे देणाऱ्यांना ठाऊक नसावी. आपल्या मंडळाच्या अर्जात नुसती चाचणी मागितलेली नाही, निगेटिव्ह असल्याचा दाखला मागितला आहे. मलेशियातही एड्ससाठी काम करणाऱ्या संस्थांनी सक्तीला विरोधच केला, आणि गैरमुस्लिमांना ही सक्ती नसल्यामुळे रोगाचा धर्माशी संबंध जोडला गेला तो वेगळाच. आपल्याकडे एका समाजाने अट घातली की शेजारचा समाज 'त्यांच्यात असेल बुवा तसलं' असे म्हणणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

नायजेरिया आणि घाना या देशांत अनेक चर्चनी अशीच अट घातली. निकाल जोडप्याच्या हाती पडण्याऐवजी धर्मगुरूंच्या हाती जातो, ही तिथली तक्रार अभ्यासकांनी नोंदवलेली आहे. अमेरिकेतील इलिनॉय राज्याचा अनुभव धार्मिक नसून सरकारी आहे, तरी आकड्यांसाठी तो सांगावासा वाटतो. तिथे १९८८ मध्ये विवाह परवान्यासाठी एचआयव्ही चाचणी सक्तीची झाली. पहिल्या सहा महिन्यांत ७०,८४६ अर्जदारांमध्ये लागण असलेले केवळ ८ जण आढळले, खर्च सुमारे २५ लाख डॉलर झाला, आणि राज्यातील विवाह परवान्यांची संख्या २२.५ टक्क्यांनी घटली, कारण लोक शेजारच्या राज्यांत जाऊन लग्ने लावू लागले. पुढच्याच वर्षी तो कायदा मागे घेण्यात आला. गोव्यात २००६ च्या सुमारास आणि मेघालयात २०२५ च्या जुलैमध्ये सरकारी पातळीवर अशा सक्तीचा विचार बोलून दाखवला गेला. निवडणुकीच्या राजकारणात ही घोषणा सोपी असते. रक्त कुठे तपासायचे आणि तपासल्यावर त्या दोघांशी कोण बोलणार, हे विचारले की उत्तर मिळत नाही.

मंडळाच्या अटीने आणखी एका जोडप्याला मंडपाबाहेर काढले आहे. दोघांनाही लागण आहे, दोघांनाही एकमेकांचे माहीत आहे आणि दोघे लग्न करू इच्छितात, अशी जोडपी आज महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. एचआयव्हीसह जगणाऱ्यांचे वधू-वर मेळावे आपल्या राज्यात भरतात आणि त्यांतून लग्ने जमतात. एकाला लागण आहे, दुसऱ्याला नाही, आणि तरीही विचारपूर्वक संसार थाटला आहे, अशीही जोडपी माझ्या ओळखीची आहेत. त्यांना आंधळ्या प्रेमापोटी जीव धोक्यात घालणारे समजू नये. आपल्या देशात एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत एआरटी, म्हणजे एचआयव्हीच्या विषाणूला आवर घालणारी औषधे मोफत मिळतात. लागण लवकर कळून औषधे लवकर सुरू झाली तर जोडीदाराला लागण होण्याचा धोका ९६ टक्क्यांनी घटतो, असे २०११ मध्ये ज्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने दाखवले, त्यात १,७६३ जोडपी होती आणि त्या अभ्यासाचे एक केंद्र पुण्यात होते. पुढच्या अभ्यासांनी तर, नियमित औषधांमुळे ज्यांच्या रक्तातील विषाणू चाचणीत सापडणार नाही इतका कमी राहतो, त्यांच्याकडून लैंगिक संबंधांतून जोडीदाराला लागण होत नाही, इथवर खात्री दिली. आईकडून बाळाला लागण होण्याचा धोका उपचारांशिवाय १५ ते ४५ टक्के असतो, तो योग्य उपचारांनी ५ टक्क्यांच्या खाली आणता येतो. मंडळाच्या अर्जात यांतल्या एकाही जोडप्याला जागा नाही. जो समाज त्यांना मंडपात घेणार नाही, त्या समाजातली पुढची मुले चाचणीला कशाला येतील? निकाल दडवण्यातच त्यांना शहाणपण दिसेल.

इथे एक गोष्ट माझ्याच क्षेत्रातील मित्रांना रुचणार नाही, तरी लिहिते. लग्नाच्या संदर्भात चाचणीचे नाव काढणे हाच भेदभाव, असा सूर काही कार्यकर्ते लावतात. मला तो पटत नाही. जन्मभराच्या जोडीदाराची प्रकृती जाणून घेण्याचा हक्क मुलीला आहे, मुलालाही आहे, आणि पत्रिकेतले मंगळ-शनी तीन-तीन ज्योतिषांकडून तपासून घेणाऱ्या घरांना रक्तगट, थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार आणि एचआयव्ही तपासायला सांगण्यात संकोच कसला? सिंधी समाजातील अनेक संस्थांनी थॅलेसेमियाच्या तपासणीसाठी शिबिरे घेतली, तरुणांना वेळेवर सावध केले, आणि त्यामुळे कुणाची अब्रू गेली नाही. अर्थात त्या आजाराला चारित्र्याचा डाग चिकटलेला नव्हता, म्हणून ते सोपे गेले. एचआयव्हीत तो चिकटलेला आहे, म्हणून तिथे गुप्ततेची काळजी दसपट घ्यावी लागते.

धर्मसंस्थांनी यातून अंग काढून घ्यावे असे मी म्हणत नाही, उलट त्यांच्याइतके कुणाचे शब्द ऐकले जात नाहीत हे मी पुरते ओळखून आहे. रवांडातील किगाली आणि झांबियातील लुसाका या शहरांत जोडप्यांनी एकत्र येऊन चाचणी करावी यासाठी जी मोहीम झाली, तिच्यात धर्मसंस्थांतील माणसांवर एकच काम सोपवले होते: ओळखीच्या जोडप्यांना निमंत्रणाची चिठ्ठी द्यायची. चिठ्ठी घेऊन जायचे की नाही हे जोडप्याने ठरवायचे, केंद्रात दोघांनी एकत्र समुपदेशन घ्यायचे आणि निकालही दोघांनी एकत्र ऐकायचा. चिठ्ठी देणाऱ्याकडे निकाल परत येत नसे. मला हे काम आपल्या मंडळांना, पॅरिशना, जमातींना सहज जमण्यासारखे वाटते. चर्चच्या विवाहपूर्व शिबिरात एक तास, जुम्याच्या बयानात दोन वाक्ये, सप्ताहातल्या एखाद्या कीर्तनात एक निरूपण, आणि परिचय मेळाव्याच्या अर्जामागे जवळच्या आयसीटीसीचा पत्ता, वेळ आणि १०९७ हा मोफत हेल्पलाइन क्रमांक. एवढे केले तरी माझ्या वेळच्या केंद्रांसमोर रांगा लागल्या असत्या.

वेळ मात्र नीट साधावी लागते. बस्ता बांधून झाला, पत्रिका वाटून झाल्या आणि मग रक्त तपासायला पाठवले, तर त्या निकालाचे ओझे कुणालाच पेलत नाही. लग्न मोडण्याची लाज वाटते, म्हणून कळूनही लग्न लावून दिल्याची उदाहरणे मला माहीत आहेत. स्थळ दोन्हीकडून पसंत पडले की साखरपुड्याआधीच दोघांनी केंद्रात जावे. आधी प्रत्येकाशी एकट्याने बोलणे होते, कारण आईवडिलांसमोर किंवा होणाऱ्या जोडीदारासमोर माणूस सगळे सांगत नाही. रक्त घेतल्यावर बहुधा त्याच दिवशी निकाल मिळतो. दोघांची तयारी असेल तर पुढचे बोलणे एकत्र होते, नसेल तर ज्याचा निकाल त्याच्या हाती. अलीकडे धोका पत्करल्याची शंका असेल तर काही आठवड्यांनी पुन्हा बोलावतात. या सगळ्यानंतर स्थळ पुढे गेले नाही, तर 'पत्रिका जुळली नाही' हे आपल्याकडचे जुने आणि सोयीचे कारण दोन्ही घरांना उपलब्ध आहेच. या बाबतीत त्या कारणाचा उपयोग होत असेल तर माझी ज्योतिषशास्त्राविषयी काही तक्रार नाही.

मुलींबद्दल वेगळे सांगायला हवे. चाचणीसाठी दोघांना पाठवा असे म्हटले तरी प्रत्यक्षात दबाव मुलीवर आधी येतो. मुलाकडचे तिचा अहवाल मागून घेतात आणि आपला दाखवायची वेळ आली की मानापमान काढतात. म्हणून मंडळाने सांगायचे असेल तर वराने आधी जावे असे सांगावे. लग्न झाल्यावरही चाचणी करून घेता येते, ती मागण्यात नवऱ्यावर अविश्वास नसतो आणि गरोदरपणात तर दवाखान्यातच ती सुचवली जाते, हेही शिबिरात तिच्या सासूसमोर सांगितले जावे. सासूने ऐकले तर निम्मे काम होते.

मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे की नोंदणीची मुदत संपण्याआधी त्यांनी ही अट मागे घ्यावी आणि तसे निवेदन आपल्याच दैनिकात, पहिले निवेदन आले त्याच जागी, द्यावे. ज्यांनी दाखले आधीच जोडले आहेत त्यांचे कागद फाइलमधून काढून, ज्याचा त्याला, बंद पाकिटात परत करावेत. झेरॉक्स ठेवू नयेत, नोंदवहीत 'अहवाल प्राप्त' अशी खूणही ठेवू नये आणि मोबाइलवर मागवून घेतलेले फोटो सर्व सदस्यांसमक्ष पुसून टाकावेत. सोहळ्याआधीच्या बैठकीत बोलण्यासाठी जिल्हा रुग्णालयातून समुपदेशक मागवता येतो, त्यासाठी एक साधे पत्र पुरते. ते पत्र लिहून देण्याची आणि गरज पडल्यास स्वतः येऊन बोलण्याची माझी तयारी आहे.

आपली,
एक निवृत्त समुपदेशक, सांगली जिल्हा